एका रक्ताच्या थेंबाचा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत, महिला मंडळ आणि ज्येष्ठ नागरिक कट्टा यांच्या संयुक्त कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत मृत्युपत्र झालं, गुडघेदुखी झाली, सौरऊर्जा झाली. माझं नाव पुढे आलं तेव्हा सगळ्यांची अपेक्षा होती की मी मुदतठेवी आणि नॉमिनेशन यावर बोलणार. विषय ऐकल्यावर सेक्रेटरींनी मला दोनदा विचारलं, "काका, नक्की?" नक्की. कारण सांगतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा खालच्या बागेत बाबागाड्या फिरत होत्या. त्या बाबागाड्यांतली मुलं आता लग्नाला आली. काहींची झालीसुद्धा. म्हणजे येत्या चार-पाच वर्षांत आपल्यातले बरेच जण आजी-आजोबा होणार, आणि तिसऱ्या महिन्यात घरात एक कागद येणार: एनआयपीटीचा रिपोर्ट. आपल्या वेळी हा प्रकार नव्हता, त्यामुळे सल्ला द्यायला आपल्याकडे अनुभव नाही, आणि सल्ला द्यायची हौस मात्र भरपूर आहे. म्हणून हा विषय.

मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे आकडे वाचायची सवय आहे, एवढंच भांडवल. आपल्या 'बी' विंगमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी हे भाषण आधी वाचून दिलं आहे. त्या समोर बसल्या आहेत, तेव्हा शेवटी प्रश्न त्यांनाच विचारा.

तपासणी आहे तरी काय

आईच्या दंडातून नेहमीसारखं थोडं रक्त घेतात. पोटात सुई नाही, बाळाला हात नाही. दहाव्या आठवड्यानंतर केव्हाही करता येते. त्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांच्या संख्येत काही गडबड असण्याची शक्यता कितपत आहे, ते सांगतात.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. एकवीस नंबरच्या जोडीत दोनाऐवजी तीन आले की त्याला डाउन सिंड्रोम म्हणतात. लँग्डन डाउन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ साली याचं वर्णन केलं. कारण समजायला मात्र १९५९ साल उजाडलं; फ्रान्समध्ये लजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जास्तीचं गुणसूत्र दाखवून दिलं. अठरा नंबरचं किंवा तेरा नंबरचं जास्त असेल तर प्रकार अधिक गंभीर. त्यातली बहुतेक बाळं वर्षभरही काढत नाहीत. एनआयपीटी मुख्यतः या तिघांसाठी आहे: एकवीस, अठरा आणि तेरा.

आता आईच्या रक्तात बाळाचं काय सापडणार? शास्त्रज्ञ बरीच वर्षं आईच्या रक्तात बाळाच्या अख्ख्या पेशी शोधत होते. त्या इतक्या थोड्या की गवताच्या गंजीत सुई. डेनिस लो हे हाँगकाँगचे डॉक्टर इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला याच खटाटोपात होते. १९९७ साली त्यांनी वेगळा विचार केला. पेशी सोडून जो पातळ भाग उरतो, ज्याला प्लाझ्मा म्हणतात आणि जो तोवर बहुतेक जण ओतून देत, त्यातच बघू म्हणाले. त्यातून डीएनए काढायचा कसा? त्यांनी स्वतःच सांगितलेली गोष्ट आहे की इन्स्टंट नूडल्स उकळताना सुचलं, हेही नुसतं उकळून बघावं! उकळलं, आणि बाळाचा डीएनए सापडला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याच वर्षी ते प्रसिद्ध झालं. २०११ पासून ही तपासणी हाँगकाँग आणि अमेरिकेत बाजारात आली आणि तिथून जगभर पसरली. २०२२ साली लो यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

तपासणीची रीत मला फार ओळखीची वाटली. आमच्या शाखेत देवस्थानांची नाणी यायची. एकेक नाणं कोण मोजत बसणार? पिशवी काट्यावर ठेवायची, ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरली तर काहीतरी जास्तीचं आहे. इथेही तसंच. प्लाझ्मामधले डीएनएचे लाखो तुकडे वाचतात आणि कुठल्या गुणसूत्राचे किती, ते मोजतात. त्यातले साधारण दहा टक्के तुकडे गर्भाकडचे, बाकी आईचे. बाळाला एकवीस नंबर दीडपट असेल, तर एकूण मोजणीत एकवीसचे तुकडे जेमतेम पाच टक्क्यांनी जास्त भरतात. तेवढा फरक पकडायचा. गर्भाकडचा हिस्सा साधारण चार टक्क्यांच्या खाली असेल तर बऱ्याच लॅब रिपोर्ट देत नाहीत, पुन्हा रक्त मागतात. आईचं वजन बरंच जास्त असेल किंवा फार लवकर रक्त घेतलं तर असं होतं. "रिपोर्ट आला नाही" म्हणजे "बाळात दोष आहे" असं नव्हे. पण तेही डॉक्टरांशी बोलून पुढे जायचं.

नव्व्याण्णव टक्के म्हणजे किती?

जाहिरातीत लिहिलेलं असतं: अचूकता ९९ टक्क्यांहून अधिक. मग रिपोर्टवर 'हाय रिस्क' आलं की घरातले लोक म्हणतात, संपलं, नव्व्याण्णव टक्के खात्री झाली. मंडळी, इथेच थांबायचं. आज मला सांगायचं आहे ते मुख्यतः हेच.

समजा, एक लाख गरोदर मुलींची तपासणी केली, सगळ्या पंचवीस वर्षांच्या. या वयात साडेबाराशे बाळांत एक डाउन सिंड्रोमचं, असं प्रमाण सांगतात. म्हणजे लाखात ऐंशी. तपासणी त्यातली ७९ पकडते. वा! नव्व्याण्णव टक्के. उरल्या ९९,९२० निरोगी बाळांच्या आया. यंत्राने यांत हजारात एकच चूक केली असं धरू. चांगल्या लॅबची चूक याहून कमीही असते, पण हिशेबाला सोपं म्हणून हजारात एक. म्हणजे शंभर जणींना नाहक 'हाय रिस्क' लागलं. आता बेरीज करा. लाल अक्षरांतला रिपोर्ट हातात असलेल्या १७९ जणी. त्यात खऱ्या ७९. म्हणजे ४४ टक्के. अर्ध्याहून जास्त जणींचं बाळ ठीक आहे!

तोच हिशेब चाळिशीच्या बाईचा करा. तिथे प्रमाण शंभरात एक. लाखात हजार, पकडले ९९०. नाहक लागलेल्या ९९. एकूण १,०८९, त्यात खऱ्या ९९०. म्हणजे ९१ टक्के. यंत्र तेच, लॅब तीच, नव्व्याण्णव टक्केही तेच. पण आईचं वय बदललं आणि त्याच 'हाय रिस्क' शब्दाचा अर्थ बदलला.

बँकेतल्या माणसाला हे लगेच पटेल. नोटा मोजायचं मशीन संशयित नोट बाहेर टाकतं. म्हणून ती बनावट ठरत नाही. कॅशियर ती हातात घेतो, उजेडात धरतो, तार बघतो, वॉटरमार्क बघतो, दिव्याखाली धरतो. बऱ्याच वेळा नोट नुसती मळकी किंवा दुमडलेली निघते. मग पुन्हा बंडलात. कारण 'बनावट'चा शिक्का एकदा मारला आणि नोट जप्त केली की तो शिक्का पुसता येत नाही. बाळ म्हणजे नोट नव्हे, हे मला कळतं. तुलना फक्त यंत्राची आहे. यंत्र संशय सांगतं, निकाल देत नाही. डॉक्टरांच्या भाषेत पहिल्याला स्क्रीनिंग म्हणतात, दुसऱ्याला डायग्नोसिस. एनआयपीटी पहिल्यातली आहे, कितीही महाग असली तरी.

आणि उलट बाजूही सांगायला हवी. रिपोर्ट 'लो रिस्क' आला तर त्या तीन दोषांपुरता दिलासा फार मोठा आहे. वरच्या हिशेबात लाखात एखादंच बाळ निसटलं. म्हणून तपासणी वाईट, असं कुणी घरी जाऊन सांगू नका. चांगली आहे. वाचायला शिकायची आहे, इतकंच.

यंत्र चुकतं कसं?

ज्याला आपण बाळाचा डीएनए म्हणतो, तो बहुतांशी बाळाचा नसतोच; तो वारेचा असतो. वार आणि बाळ एकाच बीजापासून वाढतात, त्यामुळे सहसा दोघांचा हिशेब जुळतो. पण क्वचित वारेच्या काही पेशींत जास्तीचं गुणसूत्र असतं आणि बाळात नसतं. कधी सुरुवातीला जुळं असतं आणि त्यातलं एक फार लवकर जिरून जातं. त्याचे तुकडे रक्तात राहतात. कधी आईच्याच गुणसूत्रांत काही वेगळेपण असतं. अशा वेळी लॅबने काम चोख केलेलं असूनही रिपोर्ट बाळाबद्दल चुकीचं सांगतो.

खात्री करायची तर गर्भजल तपासणी. पंधराव्या आठवड्यानंतर सोनोग्राफीत बघत बघत पोटातून बारीक सुईने गर्भजल काढतात. त्यात खुद्द बाळाच्या पेशी असतात. याआधी, अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा तुकडा काढूनही तपासतात. पण शंका वारेचीच असेल तर डॉक्टर पुष्कळदा गर्भजलापर्यंत थांबायला सांगतात. सुईमुळे गर्भपात होण्याचा धोका असतो, पण अनुभवी हातांत तो अर्ध्या टक्क्याहून कमी धरतात.

एक अनुभव

माझ्या चुलत भावाची नात, वय सव्वीस. पहिलंच बाळंतपण. बाराव्या आठवड्यात तपासणी केली. शनिवारी संध्याकाळी तिच्या मोबाईलवर लॅबचा रिपोर्ट आला. तेरा नंबर, हाय रिस्क, लाल चौकटीत. समजावून सांगायला कुणी नाही. लॅबचा नंबर सोमवारपर्यंत बंद. रविवारभर घरात काय झालं असेल, कल्पना करा. सासूबाई म्हणाल्या, "आत्ताच मोकळी हो, अजून वेळ आहे. पुढे जास्त त्रास होईल." त्या वाईट मनाने बोलल्या नाहीत. घाबरलेलं माणूस लवकर सुटका शोधतं. नवरा नेटवर वाचत बसला आणि जितकं वाचलं तितका खचला.

माझ्या भावाने मला फोन केला, कारण घरात आकड्यांचा मीच. मी फक्त इतकंच म्हणालो, "तेरा नंबरचा प्रकार दहा-पंधरा हजारांत एखादा. लाखात खरे दहा धर आणि नाहक शंभर. सोनोग्राफी काय म्हणते ते बघा आणि जेनेटिक्सच्या डॉक्टरांना गाठा. तोवर कुणी काही ठरवायचं नाही."

सोनोग्राफीत काही खोट दिसली नाही. जेनेटिक्सच्या डॉक्टरांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत थांबायला सांगितलं. ते चार आठवडे त्या मुलीने कसे काढले, तिचं तिला ठाऊक. पोट दिसायला लागलं होतं, पण ती कुणाला सांगत नव्हती. डोहाळे विचारले की रडायची. सोळाव्या आठवड्यात गर्भजल काढलं, प्राथमिक रिपोर्ट तीन-चार दिवसांत आला, सविस्तर दोन आठवड्यांनी. दोन्ही ठीक. मुलगा झाला, तो आता बालवाडीत जातो.

पण प्रत्येक गोष्ट अशीच संपते असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या सुनेचं वय एकोणचाळीस होतं. एकवीस नंबर, हाय रिस्क. गर्भजलाने तेच सांगितलं. त्या दोघांनी पुढे काय ठरवलं, ते मी इथे सांगणार नाही, ते त्यांचं. पण त्यांनी पक्का रिपोर्ट हातात घेऊन ठरवलं, डॉक्टरांशी दोनदा बोलून ठरवलं, आणि घरातल्या मोठ्यांनी तोंड बंद ठेवलं. आज ती दोघं त्या निर्णयाबद्दल एकमेकांना दोष देत नाहीत. संशयावर घाईघाईत ठरवलं असतं, तर "खरंच तसं होतं का?" हा प्रश्न जन्मभर पुरला असता.

कायदा काय म्हणतो

डॉ. लो यांनी १९९७ साली आईच्या रक्तात बाळाची खूण म्हणून शोधलं काय, तर वाय गुणसूत्र. कारण ते आईकडे नसतंच. सापडलं तर ते पोटातल्या मुलाचंच. म्हणजे या तपासणीत मुलगा की मुलगी हे सहज कळतं. अनेक देशांत सांगतातही. आपल्याकडे सांगायचं नाही, विचारायचं नाही, खुणेनेही सुचवायचं नाही.

हा कायदा आपल्यावर बाहेरून लादलेला नाही. गर्भलिंगनिदानावर देशात पहिला कायदा १९८८ साली आपल्या महाराष्ट्राने केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला, २००३ मध्ये आणखी कडक झाला. तो का लागला, ते जनगणना सांगते. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. शिकलेल्या, पैसेवाल्या घरांतही हे झालं. लिंग जाणून घ्यायला जाणाऱ्यालाही शिक्षा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. तेव्हा "परदेशातल्या लॅबकडे रक्त पाठवू या, तिथे सांगतात" असं कुणी कट्ट्यावर बोललं तर त्याला तिथेच गप्प करा. तपासणीसुद्धा या कायद्याखाली नोंदणी असलेल्या ठिकाणीच करा.

दुसरा कायदा गर्भपाताचा. २०२१ मध्ये त्यात बदल झाला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत लागतं. वीस ते चोवीसमध्ये ठरावीक कारणांसाठी दोघांचं. त्यात गर्भातला गंभीर दोष येतो. गर्भात मोठा दोष असेल तर चोवीसनंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने करता येतो. पूर्वी मर्यादा वीसचीच होती. २००८ साली एक दांपत्य बाळाच्या हृदयातला दोष उशिरा कळला म्हणून मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं आणि त्यांना परवानगी मिळाली नव्हती. तेव्हापासून वर्षानुवर्षं चर्चा चालली होती.

हे तपशील सांगण्याचा हेतू एकच. बाराव्या आठवड्यातल्या रिपोर्टनंतर सोळाव्यापर्यंत थांबलं तरी कायद्याचं दार बंद होत नाही. घाई करायचं कारण उरत नाही. आणि सज्ञान स्त्रीच्या बाबतीत कायद्याला फक्त तिची संमती लागते. नवऱ्याचीही नाही, मग सासू-सासरे आणि चुलत आजोबा तर फारच लांब राहिले.

जन्माला आलं तर

बँकेत असताना एक गृहस्थ दर महिन्याला मुलाला घेऊन पेन्शन काढायला यायचे. मुलगा तिशीचा, डाउन सिंड्रोम. प्रत्येक काउंटरवर "गुड मॉर्निंग साहेब" म्हणायचा, स्लिप स्वतः भरायचा प्रयत्न करायचा. एक दिवस वडिलांनी केबिनमध्ये येऊन विचारलं, "माझ्यानंतर याच्या खात्याचं काय?"

हा खरा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक समिती असते. अठरा वर्षांवरच्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीसाठी ती कायदेशीर पालक नेमून देते, आणि त्या प्रमाणपत्रावर बँकेला खातं उघडून चालवू द्यावं लागतं. याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची. त्या गृहस्थांचं काम आम्ही करून दिलं, थोडा वेळ लागला.

डाउन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो. आता बऱ्याच जणांवर शस्त्रक्रिया होते. प्रगत देशांत ही माणसं सरासरी साठीपर्यंत जगतात. शिकायला वेळ लागतो, पण शिकतात. २१ मार्च हा त्यांचा जागतिक दिवस: एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती, म्हणून तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख. कष्ट कमी नाहीत, आई-बापांचा जन्म त्यात जातो, हे मी त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. पण निर्णय घेणाऱ्या जोडप्याला दोन्ही चित्रं दिसायला हवीत. फक्त भीतीचं चित्र दाखवणं हाही एक प्रकारचा दबावच.

या तपासणीत काय दिसत नाही

हे थोडक्यात, पण महत्त्वाचं. 'एनआयपीटी नॉर्मल' म्हणजे 'बाळ सर्व दृष्टीने ठीक' नव्हे. हृदयाची रचना, दुभंगलेला ओठ, पाठीच्या कण्यातली फट हे त्यात कळत नाही. त्यासाठी अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी हवीच. स्वमग्नता कळत नाही. आणि नेहमीच्या एनआयपीटीत थॅलेसेमिया कळत नाही. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमिया मायनर असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता मेजरची, म्हणजे जन्मभर रक्त चढवत राहणं. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली समाजांत प्रमाण जास्त आहे, आणि आपली सोसायटी सर्व समाजांची आहे. त्यासाठी आई-वडिलांच्या रक्ताची एक साधी, त्या मानाने स्वस्त तपासणी पुरते. ती लग्नाआधी केली तर उत्तमच. विदर्भ किंवा नंदुरबारकडच्या आदिवासी भागाशी नातं असेल तर सिकलसेलचीही करावी. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालं असेल तर जेनेटिक्सच्या डॉक्टरांना आधीच तसं सांगावं.

उलट लॅबवाले पॅकेजमध्ये आणखी वीस-पंचवीस दुर्मीळ दोष घालून देतात, जास्त पैसे घेऊन. दोष जितका दुर्मीळ, तितके नाहक 'हाय रिस्क' जास्त. आताच आपण हिशेब केला. लॉकर हवा तर मुदतठेव करा, असा आग्रह आमच्याही काउंटरवर व्हायचा, म्हणून मला हे चटकन ओळखू येतं. डॉक्टर कारण सांगून म्हणाले तरच घ्यावं.

लिहून घ्या

तरुण मंडळींसाठी पाच गोष्टी:

१. तपासणीच्या आधी डॉक्टरांना विचारा: हाय रिस्क आलं तर पुढे काय, आणि रिपोर्ट आम्हाला समजावून कोण सांगणार?

२. आधी अकरा ते तेरा आठवड्यांची सोनोग्राफी नीट करून घ्या. त्यातच मोठा दोष दिसला तर मार्ग वेगळा असतो.

३. हाय रिस्क आलं तर विचारा: माझ्या वयाच्या बाईत हा रिपोर्ट खरा ठरण्याची शक्यता किती?

४. गर्भजलाच्या पक्क्या रिपोर्टशिवाय गर्भपाताचा निर्णय नाही. सोनोग्राफीत गंभीर दोष स्पष्ट दिसत असेल तर डॉक्टर वेगळं सांगतील, ते ऐका.

५. तपासणी करायची नाही, असं ठरवायचाही तुम्हाला हक्क आहे.

आणि आपल्यासाठी, म्हणजे होऊ घातलेल्या आजी-आजोबांसाठी, एकच. असा रिपोर्ट आला तर पहिल्या दिवशी सल्ला द्यायचा नाही. "आमच्या घराण्यात असं कधी नव्हतं" हे वाक्य तर तोंडातून काढायचंच नाही. डाउन सिंड्रोम बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही, बीज तयार होताना योगायोगाने होतो. आणि सुनेच्या घराण्याचा उद्धार केल्याने गुणसूत्र काही कमी होत नाही. आपण करायचं काय? दवाखान्यात सोबत जायचं, बाहेर बाकावर बसायचं. डबा पोचवायचा. मोठ्या नातवंडाला सांभाळायचं. पैसे लागले तर विचारायच्या आधी पुढे करायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांत बातमी जाऊ द्यायची नाही. आपल्या सोसायटीत लिफ्ट बंद पडल्याची बातमी जितक्या वेगाने पसरते, तितक्याच वेगाने बाकीच्याही पसरतात, हे मी वेगळं सांगायला नको.

पंचवीस वर्षांत या सोसायटीने पाण्याच्या टंचाईपासून कोविडपर्यंत एकमेकांना धरून बरंच काही निभावलं. पुढच्या पिढीच्या पाळण्याच्या वेळी आपण त्यांच्या पाठीशी उभं राहावं, त्यांच्या पुढे नाही, इतकीच विनंती.

 चहा तयार आहे असं दिसतंय. प्रश्न डॉक्टरबाईंना विचारा. मुदतठेवींचे मला विचारा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.